थंडीतलं टाकाऊतून टिकाऊ: बालवाडी ते चौथीच्या मुलांसोबत (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली की कार्यानुभवाच्या तासाला काय घ्यायचं हा विषय निघतोच. बालवाडीच्या ताई, पहिली-दुसरीचे सर, आणि आता तर पालकसुद्धा तेच तेच विचारतात, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतेय. क्रम असा काही नाही, तुम्हाला लागेल तो प्रश्न शोधून वाचा.

थंडीचं क्राफ्ट म्हटलं की सगळे कापसाचा स्नोमॅन करतात, तो का नको?

करू नये असं नाही, पण सोलापूरच्या किंवा परभणीच्या पोराने बर्फ बघितलाय कुठे? त्याला स्नोमॅन म्हणजे मोबाईलमधलं एक चित्र, ते बघून तो फक्त कॉपी करतो. आधी पाच मिनिटं वर्गात विचारा की थंडी पडली की तुमच्या घरात काय काय बदलतं, आणि ती सांगतील ते फळ्यावर लिहीत जा. खोबरेल तेल गोठतं, आजी शेकोटीजवळ बसते, ओठ फुटतात, पहाटे धुक्यातून दूधवाला दिसत नाही, उसाच्या बैलगाड्या जातात, बोरं येतात, हुरडा, कानटोपी, गोधडी, पतंग, तिळगूळ. एवढी मोठी यादी पोरंच देतात आणि त्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट रद्दी नि चिंध्यांतून होते. कोल्हापूर-सांगलीकडचं पोर काड्यापेटीची उसाची गाडी करतं तेव्हा त्याला कुठल्या फोटोची गरज लागत नाही, चाकं कुठे, जू कुठे, ऊस कसा रचतात, मोळी कशी बांधतात हे सगळं त्याला पाठ असतं. मला हेच हवंय, मुलाने आपली थंडी करावी.

टाकाऊ म्हणजे नक्की काय? आइस्क्रीमच्या काड्यांचं पाकीट आणलं तर चालेल का?

नाही चालणार. दुकानातून विकत आणलं की ते टाकाऊ राहत नाही, मग त्याला नाव काहीही द्या. नव्या काड्या, चिकटवायचे डोळे, चमकीच्या पुड्या, रंगीत पुठ्ठे असं दीडशे-दोनशेचं सामान पालकांना आणायला लावायचं आणि वर टाकाऊतून टिकाऊ म्हणायचं, हे मला अजिबात पटत नाही. विकत आणायची गोष्ट एकच, ती म्हणजे चिकटवायचं, आणि तेही घरी करता येतं, खाली दिलंय. रंग वर्गात असतील ते वापरा, नसतील तर गेरू, चुना, हळद, कोळसा आहेच की.

पालकांकडून सामान कसं मागवायचं?

उद्या अमुक आणा, अशी चिठ्ठी पाठवू नका. त्या रात्री आई बिचारी धावत दुकानात जाते आणि मग वरचा नियम मोडतो. त्यापेक्षा नोव्हेंबरातच वर्गाच्या कोपऱ्यात एक मोठं खोकं ठेवा आणि मुलांना सांगा की घरातून जे टाकून देणार आहेत ते धुऊन, वाळवून यात टाका. कुणी काय आणलं, कुणी आणलं नाही याची नोंद ठेवायची नाही, नाव लिहायचं नाही, सगळं वर्गाचं. ज्या घरात वर्तमानपत्र येत नाही, मिठाईचे बॉक्स येत नाहीत त्या मुलाला रिकाम्या हाताने आल्याचं वाईट वाटता कामा नये, आणि खरं सांगायचं तर तीच मुलं पुढे झावळीच्या काड्या, पेंढा, चिंचोके, शेवग्याच्या शेंगांची वाळकी सालं असं काहीतरी भारी आणतात जे बाकी कुणाला सुचत नाही.

व्हिडिओंमध्ये सगळीकडे टॉयलेट रोलच्या नळ्या लागतात, त्या आमच्याकडे नसतात. मग?

नसतातच. आपल्याकडे नळ्या वेगळ्या ठिकाणी मिळतात. उदबत्तीच्या पुड्याची गोल नळी, फॉइलच्या रोलची, सेलोटेप संपल्यावर उरलेलं कडं. कापड दुकानात तागा संपला की आतला लांब पुठ्ठ्याचा रोल टाकून देतात, मागितला तर देतात. आणि इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी, सोलापूर अशा मागाच्या गावांत राहत असाल तर तुमच्याकडे सोनं आहे, सुताचे कागदी कोन. वीतभर उंच, कडक, आणि आपले आपण उभे राहतात. दबलेले, फाटलेले कोन भंगारात जातात तेच मागून आणा. शिंप्याकडून कतरणी, पत्रिका छापणाऱ्या प्रेसमधून कागदाच्या पट्ट्या. मुलांना घेऊन एकदा या दुकानांवर चक्कर मारली तर उत्तमच, पोरांना कळतं की एखाद्या धंद्यातून काय उरतं नि ते कुठे जातं.

कोनाचं काय करायचं?

माझ्या सगळ्यात आवडीचं, धनगर आणि त्याची मेंढरं. पावसाळा संपला की पश्चिम महाराष्ट्रातले बरेच धनगर कळप घेऊन कोकणाकडे उतरतात, रस्त्याने जाताना मुलांनी पाहिलेले असतात. कोन म्हणजे धनगराचं अंग. फाटक्या मोज्यात रद्दीचा बोळा भरून डोकं करायचं आणि मोज्याचं तोंड कोनाच्या वरच्या भोकात खोचायचं. जुन्या काळ्या-करड्या स्वेटरचा किंवा ब्लँकेटचा तुकडा डोक्यावरून पाठीवर घेतला की घोंगडी झाली. लाल ओढणीची चिंधी म्हणजे फेटा, खराट्याची काडी म्हणजे काठी. मेंढरासाठी रिकामी काड्यापेटी, तिच्याभोवती उसवलेली लोकर कशीही गुंडाळायची, खाली चार जळक्या काड्या पाय म्हणून. काड्या जळक्याच घ्यायच्या आणि पुढची काळी टोकं मोडूनच मुलांच्या हातात द्यायच्या, गुलाची काडी वर्गात अजिबात नको. पाचसहा मुलांचा एक गट आणि त्यांचा एक कळप असं केलं की गप्पा मारत मारत तास कधी संपतो कळत नाही. हाच कोन नाताळात सांताक्लॉज होतो, शेकोटीपाशी गोधडी घेऊन बसलेली आजी पण होते.

डिंक, फेव्हिकॉल महाग पडतं, पट साठचा आहे. काही उपाय?

मैद्याची खळ करा. 1 वाटी मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या न होता कालवायचा, मग एकूण 4 ते 5 वाट्या पाणी होईल असं वाढवून मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरा रंग जाऊन पारदर्शक, चकचकीत दिसायला लागली की उतरवायची. कागद, पातळ पुठ्ठा, कापड, सगळं हिने मस्त चिकटतं. एक गोष्ट मात्र नीट ऐका, जुनी माणसं खळीत मोरचूद घालायला सांगतात, किडे लागू नयेत म्हणून. मोरचूद विषारी आहे आणि पोरांची बोटं तोंडात जातात, त्यामुळे लहानांच्या खळीत ते घालायचंच नाही. थोडीच करायची, फ्रीजमध्ये तीनचार दिवस राहते, वास आला की फेकून द्यायची. बुचं, लाकूड, प्लास्टिक यांना खळ धरत नाही, तिथे थोडं फेव्हिकॉल मोठ्यांनी लावून द्यावं. ग्लूगन मुलांच्या हातात नको, जवळ टेबलावर पण नको.

लोकरीचं सोपं काही सांगा ना. जुने स्वेटर खूप आहेत.

छोटी कानटोपी. फॉइलच्या नळीच्या दोन-दोन सेंटीमीटरच्या रिंगा मोठ्यांनी कापून ठेवायच्या. जुना स्वेटर उसवून लोकरीचे साधारण 20 सेंटीमीटरचे तुकडे करायचे (उसवायचं काम मुलांना द्याच, त्यांना ते फार म्हणजे फार आवडतं, आणि वर्गात कुणाची आजी येऊ शकत असेल तर तिला बोलवा, ती सुरुवातीचं टोक बरोब्बर शोधून देते). तुकडा दुमडायचा, दुमडलेलं टोक रिंगेतून घालायचं, उरलेली दोन टोकं त्या फासातून काढून ओढायची. असे तीसचाळीस तुकडे लागले की रिंग झाकली जाते. मग सगळी सुटी टोकं रिंगेच्या आतून दुसऱ्या बाजूला काढायची, वर आवळून बांधायची, कात्रीने सारखी करायची, झाला गोंडा. ही टोपी पेन्सिलीला घाला, वाढदिवसाच्या कार्डाला बांधा, धनगराच्या पोराला घाला. बालवाडीच्या मुलांचा धीर सुटतो इतक्या गाठींत, त्यांना नुसती पुठ्ठ्यावर लोकर गुंडाळायला द्या. दुसरीपासून पुढची मुलं छान करतात.

संक्रांतीला हलव्याचे दागिने वर्गात करता येतील का? थर्माकोलच्या मण्यांचे करतात तसे?

येतील, पण थर्माकोल नको. महाराष्ट्रात 2018 पासून प्लास्टिकसोबत थर्माकोलच्या डेकोरेशनवरही बंदी आहे, आणि 1 जुलै 2022 पासून ती देशभर लागू झाली. आणि बंदी नसती तरी ते मणी वर्गभर उडतात, कानात-नाकात जातात, झाडून निघत नाहीत. त्याऐवजी कागदाचा लगदा करा. थंडी यासाठी सगळ्यात चांगली, हवा कोरडी असते त्यामुळे लगदा वाळतो, पावसाळ्यात त्याला बुरशी धरते (कोकणात मात्र थंडीतही एखादा दिवस जास्त धरा).

रद्दीची दहाएक मोठी पानं नखाएवढी फाडून रात्रभर पाण्यात, सकाळी हाताने कुस्करून घट्ट पिळायची. 2 चमचे मेथी रात्री भिजवून वाटून घ्यायची, ती आणि अर्धी वाटी खळ त्यात घालून कणकेसारखं मळायचं. मेथी घालायची पद्धत जुनी आहे, आपल्या आज्या-पणज्या कागदाच्या टोपल्या अशाच करायच्या, मेथीने लगदा चिकट होतो आणि कीड लागत नाही. मग हरभऱ्याएवढ्या गोळ्या वळायच्या, ओल्या असतानाच खराट्याच्या काडीत ओवायच्या म्हणजे भोक पडतं, दोनतीन दिवस उन्हात. वाळल्यावर चुन्यात किंवा पांढऱ्या रंगात बुडवल्या की हलव्यासारख्या दिसतात. पुठ्ठ्याचा मुकुट, बाजूबंद, हार, त्याला शिंप्याकडची काळी चिंधी मागे लावली की पांढरं उठून दिसतं. बालवाडीत बोरन्हाण करत असाल तर हेच दागिने घाला, मोठ्या वर्गाने छोट्यांसाठी केलेले, दोघांनाही त्याचा आनंद होतो. फक्त अगदी लहान भावंडं सोबत असतील तर सुटे मणी हाताशी ठेवू नका, तोंडात जातात.

तिळगूळ द्यायला डब्या कशाच्या?

लग्नपत्रिकांच्या! घरोघरी पडलेल्या असतात आणि देवाचं चित्र आहे म्हणून कुणाला टाकवत नाहीत. चौकोन अगदी काटेकोर कापायचा, 20 सेंटीमीटरचा चौकोन घेतला तर घडीची डबी साधारण 7 सेंटीमीटरची होते, उंची साडेतीन. झाकणासाठीचा चौकोन अर्धा सेंटीमीटर मोठा. जाड पत्रिकेला घडी घालण्याआधी पट्टी ठेवून संपलेल्या रिफिलने रेघ ओढून घ्या, नाहीतर कागद तडकतो. एवढी मोठी पत्रिका नसेल तर छोटी डबी करा, चौकोनाच्या साधारण एकतृतीयांशाहून थोडी जास्त एवढी डबी होते हे चौथीच्या मुलांना मोजून काढू द्या, गणिताचा तास वेगळा घ्यायला नको. तिळगूळ छापील कागदाला थेट लागता कामा नये, वर्तमानपत्राला तर नाहीच, खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधायला एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा बघणारी सरकारी संस्था) मनाई आहे कारण शाई पोटात जाते. आत केळीच्या पानाचा तुकडा घाला. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं, या डब्या आई लोकांनी वाण म्हणून द्यायला मागून नेल्या की मुलांची छाती फुगते.

दिवाळीच्या पणत्या आणि किल्ल्यावरचे मावळे पडून आहेत.

पणत्या गरम पाण्यात थोडा धुण्याचा सोडा घालून भिजवा, तेलकटपणा गेल्याशिवाय रंग बसत नाही. मग दोन पणत्या तोंडाला तोंड लावून आत चार चिंचोके, खुळखुळा. मावळे जपून ठेवा, पुढच्या दिवाळीला लागतील.

नाताळसाठी काय?

चांदणी आणि गोठा. वसईला नि गोव्यात बांबूच्या कामट्यांच्या मोठ्या चांदण्या घरासमोर लावतात, आपण रद्दीच्या नळ्यांची करायची. वर्तमानपत्राचं पान तिरकं धरून खराट्याच्या काडीवर घट्ट गुंडाळायचं, टोक खळीने चिकटवून काडी काढून घ्यायची. 30 सेंटीमीटरच्या सारख्या पाच नळ्या, हात न उचलता चांदणी काढतो तशा एकावर एक मांडून पाचही टोकं दोऱ्याने बांधायची. अशा दोन चांदण्या करा. त्या एकमेकींवर ठेवून फक्त टोकं बांधा, आणि मधल्या पंचकोनाच्या कोपऱ्यांत 8 सेंटीमीटरच्या पाच आडव्या नळ्या अडकवा, चांदणी मस्त फुगते. वर मिठाईच्या हॅम्परचा जिलेटीन कागद किंवा जुन्या कॅलेंडरची पानं, डिसेंबर संपत आलाच असतो. आत लावायचा तर छोटा एलईडीच, मेणबत्ती किंवा पणती कधीच नाही.

गोठ्याला खोकं, वर भाताचा पेंढा. गोव्यात गोठ्यासमोर हिरवळ दिसावी म्हणून नाचणी वगैरे धान्य आधी पेरून ठेवतात, तुम्ही करवंटीत आठदहा दिवस आधी पेरा, मुलं रोज सकाळी येऊन आधी तेच बघतात. प्लास्टिकचं गवत आणि कापसाचा बर्फ लागतच नाही मग.

पतंग करावेत का?

तोरणाचे करा, हातभर दोऱ्यात ओवून वर्गात लावायचे. उडवायचे असतील तर चौथीपुढे, आणि साधा सुती दोरा. नायलॉन मांजा राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये देशभर बंद केलाय तरी तो मिळतो, त्याने पक्ष्यांचे पंख कापतात, माणसांचे गळे चिरलेत. यावर वर्गात स्पष्ट बोला, लहान आहेत म्हणून टाळू नका. संक्रांत झाल्यावर झाडांवर, तारांवर लोंबणारा मांजा दिसला तर स्वतः ओढायचा नाही, मोठ्यांना सांगायचं, हे पण शिकवा.

पक्ष्यांचं काही घेता येईल का?

घ्याच. महाराष्ट्रात 5 ते 12 नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, 5 ला जंगलावर, पक्ष्यांवर लिहिणाऱ्या मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि 12 ला पक्षीशास्त्रज्ञ सालिम अलींचा. दिवाळी कधी येते त्यावर शाळा सुरू असेल-नसेल, पण पक्षी काही आठवड्याने परत जात नाहीत, थंडीभर असतात. भिगवणला, ठाणे खाडीत रोहित म्हणजे फ्लेमिंगो, नांदूर मधमेश्वरला बदकं. नांदूर मधमेश्वरचं हे पाणथळ 2020 साली राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झालं, नाशिककडच्यांनी मुलांना हे सांगा की आपल्या जिल्ह्यात आहे. आणि कुठेच जाता येत नसेल तर शाळेच्या मैदानात शेपूट वरखाली करत पळणारा धोबी बघा, तोही थंडीतलाच पाहुणा.

रोहित करायला सोपा. रद्दीच्या दोन बारीक नळ्या पाय, एक वाकवलेली मान, चुरगळलेल्या कागदाचं अंग, आणि गुलाबी रंगाला बिटाचं उकळलेलं पाणी. रंग थोड्या दिवसांत फिका पडतो, पण तिथेच सांगायला मिळतं की खऱ्या रोहितचा गुलाबीही खाण्यातून येतो, शेवाळ नि बारीक कोळंबीसारखे जीव खाऊन, आणि तसं खाणं मिळालं नाही तर तोही फिका पडतो. पोरं हे विसरत नाहीत. पाय पणतीत ओल्या मातीने रोवले की उभा राहतो.

काय अजिबात घ्यायचं नाही?

औषधाच्या रिकाम्या पट्ट्या, सिरिंज, सेल, ट्यूबलाईट, फुटक्या काचेच्या बांगड्या, कापलेल्या कडांचे पत्र्याचे डबे, कीटकनाशकाची कुठलीही बाटली (कितीही धुतली तरी नाही, शेतावरच्या घरांतून येते म्हणून मुद्दाम सांगतेय). चमकी पण नको, ते बारीक प्लास्टिकच आहे, चॉकलेटची चांदी बारीक कापून वापरा.

साठ पोरं आणि पस्तीस मिनिटं, कसं जमवायचं?

एका तासात वस्तू पूर्ण झाली पाहिजे हा हट्ट सोडा. एक दिवस फाडणं-उसवणं, एक दिवस चिकटवणं, एक दिवस रंग. सगळ्यांनी एकच करायचं हेही नको, चार गट चार कामं. कातर गटात एकच, बोथट टोकाची, आणि बालवाडीला कातर नसली तरी काही अडत नाही, हाताने फाडलेला कागद जास्त छान दिसतो आणि बोटांना तेवढीच ताकद येते.

मुलं बिघडवतात, मग घरी आईच करून देते. मार्क कसे द्यायचे?

क्राफ्ट घरी पाठवूच नका, वर्गातच करा आणि वर्गातच ठेवा. पालकांना माझी हात जोडून विनंती आहे की वाकडी झालेली मेंढी सरळ करू नका. तीन पायांची असली तरी तिच्या मालकाला ती कुठल्या रस्त्याने आली, काल कुठे चरली, हे सगळं माहीत असतं, एकदा विचारून बघा. मार्क द्यायचेच असतील तर मुलाला विचारा की हे आधी काय होतं आणि आता काय झालं, त्यावर द्या. प्रदर्शनात पण नावाच्या चिठ्ठीवर हेच लिहा, "आधी: मोजा. आता: धनगराचं डोकं." सुबकपणाला पहिला नंबर देऊ नका, नाहीतर पुढच्या वर्षी परत आयांच्या हातच्या वस्तू येतात.

आम्ही कॅनडात असतो, रविवारच्या मराठी शाळेत शिकवते. इथे बर्फ असतो.

मग बिनधास्त स्नोमॅन करा, तुमच्या मुलांची ती खरी थंडी आहे! टॉयलेट रोल, अंड्यांचे ट्रे तुमच्याकडे भरपूर. फक्त संक्रांत आली की तीच मुलं हलव्याचा मुकुट, कागदी पतंग पण करू देत, आणि आजीला व्हिडिओ कॉल लावून वर्गातल्या सगळ्यांनी विचारावं की तुमच्या लहानपणी थंडीत काय करायचात. लगदा हीटरजवळ ठेवू नका, वरून वाळतो आणि आत ओला राहतो, पंख्याखाली ठेवा.

आणखी कल्पना कुठे मिळतील?

अरविंद गुप्तांची वेबसाईट बघा, कचऱ्यातून खेळणी, फुकट, मराठीतही. त्यांनी कित्येक वर्षं पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत मुलांसोबत हेच काम केलं, 2018 ला त्यांना पद्मश्री मिळाली. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काड्यापेटीच्या (गुल काढलेल्या) काड्या जोडून त्रिकोण, चौकोन, घरं करायचा त्यांचा प्रकार तिसरी-चौथीला अफलातून चालतो.

सगळं झाल्यावर या वस्तूंचं काय करायचं?

जानेवारीअखेरपर्यंत वर्गात ठेवा, मग मुलांना आवडलेली एकेक वस्तू घरी नेऊ द्या. बाकीचं मुलांनीच सोडवायचं, लोकर परत गुंडाळायची, नळ्या-कागद रद्दीत, लगदा नि पेंढा शाळेच्या खतखड्ड्यात, चिंचोके डब्यात. कोन धड असतील तर एकात एक घालून, कडुनिंबाचा वाळका पाला टाकून खोक्यात भरा, आणि खोक्यावर "कोन, नोव्हेंबर" असं मोठ्या अक्षरात लिहा म्हणजे सुट्टीत कुणी भंगारात देणार नाही.